केळोशीहून कवळ्याला : शांतादुर्गा देवस्थानाची वाटचाल

गोव्यातल्या जुन्या देवांना बहुधा दोन गावे असतात. एक राहते गाव आणि एक मूळ गाव. मंगेश आज प्रियोळात आहे, पण तो मूळचा कुठ्ठाळीचा, म्हणजे जुन्या कुशस्थळीचा. म्हाळसा म्हार्दोळची म्हणून ओळखली जाते, ती आली वेर्ण्याहून. रामनाथ लोटलीहून आला, कामाक्षी रायहून शिरोड्याला गेली. फोंडा शहराजवळ डोंगराच्या पायथ्याशी कवळे नावाचे गाव आहे. तिथली श्री शांतादुर्गा अशीच केळोशीची. कवळ्याला येणाऱ्या बहुतेकांना तिचे राहते गाव ठाऊक असते. मूळ गाव मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितले तरच कळते.

साडेचारशे वर्षांत या देवीने तीनदा नव्याने ठाण मांडले. सोळाव्या शतकात ती नदी ओलांडून आली. अठराव्या शतकात तिच्यासाठी आजचे देऊळ उभे राहिले. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मूर्ती चोरीला गेली आणि नव्या मूर्तीची प्रतिष्ठा करावी लागली. जागा, वास्तू आणि मूर्ती असे तिन्ही बदलले. तरी देवस्थान तेच, यात कोणाला शंका आली नाही. बदलले नाही ते एकच : देवीची सेवा कोणी करायची, मान कोणाचा आणि तिला आपली म्हणणारी कुळे कोणती, याचा हिशेब. या देवस्थानाचा इतिहास म्हणजे त्या हिशेबाचा इतिहास आहे. त्याने देवीला तारले आणि काही माणसांना उंबरठ्याबाहेरही ठेवले.

वारुळापासून पुराणापर्यंत

शांतादुर्गेची सर्वांत प्रसिद्ध कथा सगळ्यांना माहीत आहे. शिव आणि विष्णू यांच्यात युद्ध जुंपले. कोणीच मागे हटेना आणि सृष्टी होरपळू लागली. तेव्हा ब्रह्मदेवाने आदिशक्तीची आळवणी केली. देवी दोघांच्या मध्ये उभी राहिली, एका हाताने शिवाला आणि दुसऱ्या हाताने विष्णूला आवरले आणि युद्ध थांबले. दुर्गा शांत झाली, शांतविणारी झाली, म्हणून शांतादुर्गा. देवीच्या दोन हातांतले दोन सर्प म्हणजे आवरलेले हे दोन देव, असे भाविक सांगतात. एरवी दुर्गा म्हटली की शस्त्रे आणि पायाखाली महिषासुर. इथे दैत्य कोणीच नाही. भांडणारे दोघेही पूज्य आहेत आणि देवीचा पराक्रम आहे तो समेट घडवण्याचा.

ही कथा गोव्याच्या मातीत इतकी का रुजली, हे समजायला इथला समाज पाहावा लागतो. शांतादुर्गेला कुलदेवता मानणाऱ्या सारस्वतांत स्मार्त आणि वैष्णव असे दोन पंथ पडले. स्मार्तांचा गौडपादाचार्यांचा मठ कवळ्यातच आहे आणि त्या मठाची मूळ जागाही नदीपलीकडच्या कुशस्थळी-केळोशीच्या परिसरातलीच. वैष्णव माध्व परंपरेचा गोकर्ण मठ पर्तगाळीला. गुरू वेगळे, गंधाची तऱ्हा वेगळी, पण कुलदेवी एकच, अशी अनेक घरांची स्थिती. अशा समाजाला हर आणि हरी यांच्या मध्ये उभी राहणारी देवी आपली वाटली, तर नवल नाही. हा माझा तर्क आहे, पण गर्भकुडीत देवीच्या बाजूंना शिव आणि विष्णू आहेत, हे तर डोळ्यांना दिसतेच.

दुसरी कथा ब्राह्मणांच्या आगमनाची. परशुरामाने समुद्र हटवून भूमी मिळवली आणि यज्ञकर्मासाठी त्रिहोत्रपुराहून दहा ऋषिगोत्रांची कुळे आणली. ती आपापल्या देवतांसह केळोशी, कुशस्थळी आणि आसपासच्या गावांत वसली. ही हकिकत स्कंदपुराणाचा भाग म्हणवणाऱ्या सह्याद्रिखंडात येते. जुझे गेर्सन द कुन्हा या गोमंतकीय विद्वानाने १८७७ साली मुंबईत या ग्रंथाची पोथ्या पडताळून आवृत्ती छापली आणि तेव्हापासून तो जातींच्या वादात पुराव्यासारखा वापरला जाऊ लागला. पुराणाला तवारीख समजू नये, हे खरे. पण आपण बाहेरून आलो आणि येताना देव घेऊन आलो, ही आठवण या कुळांनी जपली होती, एवढे त्यातून नक्की दिसते. पुढे खरोखरच देव उचलून न्यायची वेळ आली, तेव्हा त्यांच्यापाशी त्याची कथा आधीच तयार होती.

तिसरी गोष्ट पोथीत कमी आणि मातीत जास्त आहे. गोव्याच्या गावोगावी सातेरी किंवा सांतेरी नावाची ग्रामदेवता असते. तिचे रूप म्हणजे वारूळ. कोकणीत त्याला रोयण म्हणतात. काही देवळांत आजही गर्भकुडीत मातीचे वारूळच पुजले जाते आणि उत्सवाच्या दिवशी त्यावर मुखवटा चढतो. धरित्रीचे हे रूप नांगर धरणाऱ्यांचे, गावकऱ्यांचे आणि पोथीपेक्षा जुने. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी' या ग्रंथात वारूळ, भूमी आणि मातृदेवता यांचे नाते उलगडताना सांतेरीचाही माग घेतला आहे. अनेक ठिकाणी ही सातेरीच पुढे शांतादुर्गा झाली. आजही एका गावात जिला शांतादुर्गा म्हणतात, तिला शेजारच्या गावात सातेरी म्हणून हाक मारतात. गोव्यात शांतादुर्गेची देवळे इतकी का, याचे उत्तर इथे आहे. कवळ्याची देवी अनेक घरांची कुलस्वामिनी असली तरी तिच्या नावामागे गावोगावच्या धरित्रीमातेचे बळ उभे आहे.

नदीपलीकडे

केळोशी जुन्या सासष्टीतले गाव. आज ते मुरगाव तालुक्यात येते. उत्तरेला जुवारी नदी आणि नदीपलीकडे अंत्रुज महाल, म्हणजे आजचा फोंडा तालुका. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये तिसवाडी घेतली, तेव्हा सासष्टी आदिलशाहीकडेच होती. १५४३ पर्यंत सासष्टी आणि बार्देश पक्केपणी त्यांच्या हाती गेले. सुरुवातीची काही वर्षे गावकीचा कारभार पूर्वीसारखा चालला, कारण महसूल गावकऱ्यांकडूनच गोळा व्हायचा. पुढे तिसवाडीतली देवळे पडली. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, आले. त्याच दशकात देवळांची डागडुजी बंद, नवी देवळे बंद, मग होती ती जमीनदोस्त, असा हुकुमांचा क्रम सासष्टीपर्यंत पोहोचला. १५६६-६७ या काळात तिथे देवळे पाडण्याची मोहीमच चालली. राशोलच्या किल्ल्याच्या कप्तानाने शेकडो देवळे जाळल्याची नोंद पोर्तुगीज साधनांतच आहे.

केळोशीच्या गावकऱ्यांनी देवी हलवली ती याच धामधुमीत. शेजारच्या कुशस्थळीहून मंगेशाचे लिंग १५६० मध्येच पलीकडे गेले होते, त्यामुळे वाट माहीत होती. रात्रीच्या अंधारात होडीतून देव कसे नेले, याच्या कथा प्रत्येक देवस्थानात आहेत आणि एकमेकींसारख्या आहेत. मला त्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो तो गंतव्याचा प्रश्न. अंत्रुज महाल हा विजापूरच्या आदिलशहाचा मुलूख होता. मुसलमान सुलतानाच्या राज्यात हिंदूंचे देव आसऱ्याला आले आणि सुरक्षित राहिले, ही गोष्ट सोप्या इतिहासात बसत नाही, पण घडली ती अशीच. कारण सरळ होते. आदिलशाहीला या डोंगराळ महालातून शांतपणे महसूल हवा होता आणि इथल्या जमिनी कसणारे, हिशेब ठेवणारे, व्यापार करणारे लोक तिला नको असण्याचे कारण नव्हते.

अंत्रुज रिकामा नव्हता. बांदोड्याचा नागेश तिथे पूर्वीपासून नांदत होता. त्याच्या आवारातला शिलालेख १४१३ सालचा, विजयनगरच्या अमदानीतला आहे. म्हणजे आलेले देव स्थानिक देवांच्या शेजारी, स्थानिक गावकऱ्यांच्या जमिनीवर येऊन बसले. त्या सगळ्यांनी त्यांना जागा दिली म्हणून आज दहा-पंधरा किलोमीटरच्या टापूत मंगेशी, म्हार्दोळ, बांदोडे, रामनाथी, कवळे अशी देवळांची रांग दिसते.

कवळ्याला पुराणाच्या भाषेत कैवल्यपूर म्हणतात. तिथे देवीला मोक्षाआधी मिळाला तो साधा निवारा. गावकरी मात्र सगळे आले नाहीत. काही कुळे देवीमागोमाग अंत्रुजात आली. काही कारवार, मंगळूर, कोचीपर्यंत गेली. काही राजापूर, मालवण, वेंगुर्ल्याकडे सरकली. काही जण केळोशीतच राहिले, त्यांतले बरेच ख्रिस्ती झाले. राहिलेल्या हिंदूंना नदी ओलांडून देवदर्शनाला जाण्याची मनाई करणारेही हुकूम निघत. तरी लोक जात. एका गावचे भाऊबंद असे चार दिशांना पांगले आणि त्यांना जोडून ठेवणारी एकच जागा उरली, ती कवळ्याची.

नारो राम मंत्री

पुढची जवळपास दोन शतके देवी बेताच्या देवळात राहिली. फोंड्यावरचे झेंडे मात्र बदलत होते. १६७५ मध्ये शिवाजी महाराजांनी फोंड्याचा किल्ला घेतला. त्याआधी, १६६८ मध्ये त्यांनी नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचे देऊळ नव्याने बांधवून गोव्यातल्या विस्थापित देवांच्या बाबतीत आपली भूमिका सांगितलीच होती. १६८३ च्या पावसाळ्यानंतर पोर्तुगीज व्हाइसरॉयने फोंड्यावर स्वारी केली, तेव्हा संभाजी महाराजांनी येऊन त्याला माघारी पिटाळले. नंतर मोगल आले, सोंध्याचे राजे आले, पुन्हा मराठे आले. या उलथापालथीत देवळाला भरभक्कम आधार मिळाला तो साताऱ्याहून.

वेंगुर्ल्याजवळच्या कोचऱ्याचे नारो राम शेणवी रेगे नशीब काढायला घाटावर गेले आणि कर्तबगारीने चढत चढत शाहू महाराजांच्या दरबारात मंत्री झाले. शांतादुर्गा ही त्यांची आराध्य देवता. आपले भाग्य देवीने उघडले, अशी त्यांची श्रद्धा होती. आजच्या देवळाचे काम त्यांनी १७३० च्या सुमारास हाती घेतले आणि १७३८ मध्ये ते पूर्ण झाले. पाठोपाठ १७३९ मध्ये शाहू महाराजांकडून कवळे गाव देवस्थानाला इनाम मिळाले.

या तारखांच्या आजूबाजूला काय चालले होते, ते पाहण्यासारखे आहे. १७३९ च्या जानेवारीत व्यंकटराव घोरपड्यांच्या फौजेने सासष्टीत उतरून मडगाव घेतले आणि मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. ज्या सासष्टीतून देवी निघाली होती, ती काही काळ मराठ्यांच्या हाती होती. देवी परत केळोशीला मात्र नेली गेली नाही. कवळे आता तिचे घर झाले होते. विस्थापन संपते ते परतीच्या दिवशी, असे आपण समजतो. शांतादुर्गेच्या बाबतीत ते इनामपत्राच्या दिवशी संपले. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याच्या नावावर सातबारा व्हावा, तसे झाले.

इनामाने देवस्थानाचे स्वरूपच पालटले. आता रोजच्या पूजेला, नंदादीपाला, नैवेद्याला, चौघड्याला, सणावाराला ठरलेले उत्पन्न होते. उत्पन्न आले की कामांची वाटणी आली. भट पूजा करणार, पुराणिक पुराण सांगणार, वाजंत्री वाजवणार, कोणी दिवटी धरणार, कोणी पालखीला खांदा देणार. प्रत्येक कामाला जमिनीचा तुकडा किंवा धान्याचा वाटा. केळोशीहून आठवणीत आलेला मानपान इथे जमिनीत रुजला.

चिरा, घुमट आणि दीपमाळ

नारो रामांनी बांधवलेले देऊळ महाराष्ट्रातल्या हेमाडपंती किंवा कर्नाटकातल्या देवळासारखे दिसत नाही. गोव्यातला चिरा, त्यावर चुन्याचा गिलावा, उतरती कौलारू छपरे, कमानीच्या खिडक्या आणि गर्भकुडीवर अष्टकोनी चढणीचा घुमट. समोर अनेक मजल्यांची पांढरी दीपमाळ, बाजूला पायऱ्यांची तळी, आणि भोवती अग्रशाळा, म्हणजे भाविकांच्या राहण्याच्या खोल्या. आत लाकडी कोरीवकाम, चांदीचे मखर आणि छताला काचेच्या हंड्या आणि झुंबरे.

या घुमटात आणि कमानींत नदीपलीकडच्या चर्चेसची छाया आहे. काहींना ते खटकते. मला ती कारागिरांची सही वाटते. त्या काळी मोठे बांधकाम करणारे गवंडी आणि सुतार हे दोन्हीकडे काम करणारे लोक होते. ज्या राजवटीने जुने देऊळ पाडले, तिच्या वास्तुकलेतून घ्यायचे ते घेऊन नवे देऊळ उभे राहिले. अंत्रुजातल्या देवळांचा हा घाट पुढे इतका रूढ झाला की गोव्याचे देऊळ म्हटले की तोच डोळ्यांसमोर येतो.

परत पोर्तुगीज, आणि महाजनांची वही

१७६३ मध्ये हैदरअलीने सोंध्याचे राज्य बुडवले. सोंध्याचा राजा पोर्तुगिजांच्या आश्रयाला आला आणि बांदोड्यात राहिला. फोंडा महाल पोर्तुगिजांकडे गेला आणि पुढे १७९१ च्या तहाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. दोनशे वर्षांपूर्वी ज्यांच्यापासून देवी पळाली, तेच राज्यकर्ते तिच्या नव्या गावात पोहोचले. पण ते पोर्तुगीज आता वेगळे होते. धर्मप्रसाराचा जोर ओसरला होता, तिजोरी खंगली होती आणि नव्या काबिजादीतल्या, म्हणजे नव्याने ताब्यात आलेल्या महालांतल्या, प्रजेच्या रूढींना हात लावणार नाही, असे वचन त्यांनी दिले होते. देवळे वाचली.

एकोणिसाव्या शतकात सरकारने देवळांकडे पाहिले ते मालमत्ता म्हणून. जमिनी कोणाच्या, हिशेब कोण ठेवतो, निवडणूक कशी होते, हे ठरवणारी महाजनीची नियमावली १८८६ मध्ये आली आणि १९३३ च्या कायद्याने तिला आजचे रूप मिळाले. देवस्थान ही महाजनांची संस्था. महाजन म्हणजे संस्थापक कुळांचे वंशज. त्यांची नोंदवही असते. ते दर तीन वर्षांनी समिती निवडतात : अध्यक्ष, मुखत्यार, चिटणीस, खजिनदार. वरची देखरेख मामलेदाराकडे. गोवा मुक्त होऊन साठ वर्षे उलटली, तरी गोव्यातल्या देवळांचा कारभार मुख्यतः याच पोर्तुगीजकालीन कायद्यावर चालतो. कवळ्याची देवी त्याला अपवाद नाही.

कायद्याने शिस्त आणली. त्याने रूढीचा दगडही केला. पूर्वी गावसभेत बोलून, भांडून, तडजोड करून जे मान ठरत, ते आता वहीत बंद झाले. महाजनकी पुरुषांच्या वंशाने चालत आली. पिढ्यान्पिढ्या देवीची चाकरी करणारी, नवस बोलणारी, पालखी वाहणारी इतर समाजांतली माणसे 'भजक' या सदरात गेली. भजक आणि महाजन यांच्यातला हा वाद गोव्यातल्या अनेक देवस्थानांत कोर्टापर्यंत गेला आहे.

चोरी आणि नवी मूर्ती

१८९८ मध्ये देवीची मूर्ती चोरीला गेली. सोळाव्या शतकात सैन्याला जे जमले नाही, ते चोरांनी एका रात्रीत केले. देवस्थानासमोर मोठा प्रश्न उभा राहिला. केळोशीहून आणलेल्या परंपरेचा जो डोळ्यांना दिसणारा, हाताला लागणारा धागा होता, तोच तुटला. नवी मूर्ती घडवण्यात आली आणि १९०२ मध्ये तिची विधिवत प्रतिष्ठा झाली.

आज कवळ्याला गर्भकुडीसमोर उभे राहून हात जोडणाऱ्या भाविकाला हा बदल जाणवतही नाही, आणि त्याला कारण आहे. आपल्याकडे मूर्तीत प्राण येतो तो प्रतिष्ठेने, आणि प्रतिष्ठा करणारे, पूजा बांधणारे, नैवेद्य आणणारे हात तेच होते. चोरांनी नेली ती मूर्ती. सेवा जागच्या जागी राहिली.

सेवेकरी

सेवेच्या या साखळीत एक दुवा असा होता, ज्याबद्दल उत्सवपत्रिकांत फारसे येत नाही. गोव्याच्या देवळांत भाविणी आणि कलावंत समाजाच्या स्त्रिया गाणे, नाचणे, दिवे धरणे, झाडलोट अशी सेवा करत. त्यांना जमिनी होत्या, मानही होता आणि त्या मानाच्या आडून होणारे शोषणही होते. लग्न त्यांना नाकारलेले, आणि मुलांना वडिलांचे नाव नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या समाजातूनच बंड उभे राहिले. राजाराम पैंगीणकरांनी ही प्रथा मोडण्यासाठी आयुष्य वेचले. त्यांचे 'मी कोण?' हे आत्मचरित्र गोव्याच्या देवळांच्या कुठल्याही माहितीपुस्तिकेशेजारी ठेवून वाचावे, असे आहे.

याच समाजाने हिंदुस्थानी संगीताला केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, दीनानाथ मंगेशकर दिले. अंत्रुजातली देवळे ही त्या गाण्याची पहिली शाळा होती. देवळाच्या चौकात गाणे फुलले आणि त्याच चौकात त्या गाण्याच्या मालकिणी खालच्या पायरीवर राहिल्या. समाज चळवळ करून तिथून बाहेर पडला, शिकला, नावारूपाला आला. देवस्थानाच्या वाटचालीत या घटनेला १७३८ इतकेच महत्त्व आहे.

देवळाची भाषा हाही या वाटचालीचा एक पदर. घरात कोकणी, गाऱ्हाणे कोकणीत, पण आरत्या, कीर्तन, भजन आणि उत्सवातली नाटके मराठीत. पोर्तुगीज राजवटीत मराठी पोथी आणि मराठी नाटक टिकले ते मोठ्या प्रमाणात देवळांच्या आश्रयाने. जत्रेला गावातलीच पोरे तोंडाला रंग लावून पौराणिक नाटक उभे करत. गोव्याची उत्सवी रंगभूमी ती हीच.

मुक्तीनंतर

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. १९६४ च्या कूळ कायद्याने आणि पुढच्या दुरुस्त्यांनी जमीन कसणाऱ्याच्या बाजूने पारडे झुकवले. देवस्थानांच्या खंडाच्या उत्पन्नाला कात्री लागली. न्यायाच्या दृष्टीने ते योग्यच होते, पण जमिनीच्या वाट्यावर उभी असलेली सेवेची जुनी रचना त्यामुळे ढासळली. शेत गेले, तेव्हा दिवटी धरणाऱ्याच्या मुलाला दिवटी धरण्याचे कारण उरले नाही. तो नोकरीला लागला. देवस्थान हळूहळू पगारी माणसांवर आणि देणग्यांवर चालू लागले.

देणग्या आल्या त्या पांगलेल्या कुळांकडून. गिरगाव-दादरहून, बेळगाव-कारवारहून, मंगळूरहून आणि पुढे परदेशांतून. लग्न ठरले की पहिली पत्रिका देवीला, नवी सून आली की ओटी भरायला कवळे, बाळ झाले की पायांवर घालायला कवळे. मुंबईहून रात्रीची गाडी पकडून सकाळी तळीवर हातपाय धुऊन अभिषेकाला बसणारी कुटुंबे हा इथला नित्याचा देखावा. सोळाव्या शतकातली पांगापांग विसाव्या शतकात देवीचा आधार झाली.

वर्षाचा मोठा दिवस माघ शुद्ध पंचमीचा. जत्रेला देवी महारथात बसते आणि पहाटेपर्यंत उत्सव चालतो. नवरात्रात अंत्रुज महालातल्या देवळांतली खासियत म्हणजे मखर. रोज नव्या सजावटीच्या मखरात उत्सवमूर्ती बसवतात आणि कीर्तनानंतर वाद्यांच्या तालावर ते मखर झुलवतात. आरती चढत जाते, तसा झोका वाढत जातो. वर्षभर चालतो तो कौल. लग्न, धंदा, घरबांधणी, भाऊबंदकी, कुठलाही पेच असो, देवीच्या अंगावर पाकळ्या लावायच्या आणि कुठली पाकळी पडते त्यावरून उत्तर घ्यायचे. समेट घडवणारी म्हणून जिची कीर्ती, तिच्याकडे लोक आजही भांडणे घेऊन येतात.

कुंकळ्ळीची आठवण

कवळ्याची वाटचाल समजायला आणखी एका शांतादुर्गेकडे पाहायला हवे. सासष्टीतल्याच कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी १५८३ मध्ये चर्चसाठी जागा पाहायला आलेल्या पाच जेझुइटांना मारले. त्यांच्यातला रुदोल्फ आक्वाविवा अकबराच्या दरबारी राहून आलेला. बदला म्हणून गावच्या नायकांना बोलणीच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्याला गेली. पण दर फाल्गुनात ती मूळ गावी येते. बारा वांगडांच्या, म्हणजे बारा कुळांच्या, बारा छत्र्या नाचवत, गुलाल उधळत मिरवणूक निघते आणि गावचे ख्रिस्ती लोकही तिचे स्वागत करतात. धर्म बदलला तरी वांगड बदललेले नाही.

दोन्ही देवस्थानांत देव एकच आणि संकटही एकच. फातर्प्याच्या देवीने मूळ गावाशी नाते राखले ते वर्षातून एकदा परत येऊन. कवळ्याच्या देवीने ते राखले कुळांच्या आठवणीत. दोन्हीकडे सूत्र तेच : वास्तू पडली तरी कोणाचा मान काय, हे लोक विसरले नाहीत.

पुढचे पाऊल

गोव्यातल्या देवळांवर आज पर्यटकांची गर्दी आहे. आवारे फरसबंद झाली, वाहनतळ झाले, अभिषेकाच्या पावत्या संगणकावर निघतात. या सगळ्याची व्यवस्था समित्या लावतीलच. त्यापेक्षा अवघड प्रश्न नोंदवहीचा आहे. देवीला केळोशीहून आणताना होडी वल्हवणारे, अंत्रुजात जागा देणारे, चिरा घडवणारे, चौघडा वाजवणारे, चौकात गाणारे, या सगळ्यांनी मिळून हे देवस्थान उभे केले. वहीत मात्र त्यांतल्या थोड्यांचीच नावे आहेत. मुलींची तर नाहीतच.

तीन वेळा या देवस्थानाने अशक्य वाटणारा बदल पचवला. नवी भूमी स्वीकारली, नवे देऊळ स्वीकारले, नवी मूर्ती स्वीकारली. प्रत्येक वेळी परंपरा मोडेल, अशी भीती कोणाला ना कोणाला वाटली असणार. परंपरा मोडली नाही, उलट रुजली. एका मुलुखातून दुसऱ्या मुलुखात देव नेणे ज्यांच्या पूर्वजांना जमले, त्यांना वहीत काही नवी नावे लिहिणे जड जाऊ नये. दोन भांडणाऱ्या देवांच्या मध्ये उभ्या राहिलेल्या देवीच्या दारात तरी हा समेट व्हायला हवा, आणि तो महाजनांनी कोर्टाची वाट न पाहता करावा.